ओरखडा न पडणारा ट्रक

गिरीराज माझा धाकटा भाऊ. सख्खा. मी नंदकिशोर, थोरला. घरात आणि स्टँडवर मला सगळे अण्णा म्हणतात, गिरी तर बोलायला लागल्यापासून म्हणतो. त्याच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहायला पाहिजे, कारण त्याला मी खांद्यावर बसवून वाढवलाय, आणि आमच्या घराण्यात त्याच्यासारखा माणूस झाला नाही हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन. माझी शाळा नववीपर्यंत, तीपण कन्नड मीडियम. मराठी आम्ही घरात बोलतो तेवढीच. तेव्हा बोलतो तसं लिहितो. नाही समजलं तर राग मानू नका, ह्यातलं सगळं मलापण समजलेलं नाही.

आमचं घराणं बेंगळूरचं जुनं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेली माणसं आम्ही, कालपरवा लॅपटॉप घेऊन आलेली नाही. घरात अजून तलवार आहे. गंजलीय, पण आहे. घोड्यावरून उतरलो ते बैलगाडीवर बसलो, तिथनं उतरलो ते बसच्या स्टेअरिंगवर. बाबा, हणमंतराव, धर्मस्थळाची प्रायव्हेट बस चालवायचे. मी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, स्वतःची. बनशंकरीच्या स्टँडवर विचारा, चार्माडी घाटात पॅसेंजरच्या हातातली कॉफी न सांडता गाडी कोण उतरवतं? दुसरं नाव आलं तर मी मिशा काढीन.

आणि गिरी? गिरी गाडी चालवत नाही.

शिकवली मी. हात चांगला होता, माझ्याइतका नाही, पण चांगला. मग एकदा कनकपुरा रोडला एका बाईच्या स्कूटरला स्वल्प घासली. बाईला काही झालं नाही, दुधाच्या पिशव्या तेवढ्या फुटल्या. बाई माझ्याशी भांडतीय, मी बाईशी भांडतोय, आणि हा खाली उतरून स्कूटरवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवत उभा. बोटभर ओरखडा. त्या दिवशी त्यानं किल्ली माझ्या हातात दिली ती परत मागितली नाही. आता बोम्मसंद्राला मशीनचे पार्ट करतात त्या कंपनीत आहे. कंपनीच्या बसनं जातो, कंपनीच्या बसनं येतो, खिडकीशी बसून.

पण ड्रायव्हर म्हणाल तर तोच. कुठं चालवतो? घरात.

‘रोडवेज’ नावाची एक गेम आहे, बाहेरच्या देशातली. तिच्यात ट्रक चालवायचा. गिरी कॉलेजात असताना कुठनंतरी जुना कॉम्प्युटर आणला तेव्हापासूनचं हे वेड. पुढं बोनस मिळाला तसं त्यानं खरं स्टेअरिंग आणलं, खाली तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा. ते बसवलं कुठं? आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला. मशीन वर माळ्यावर टाकलं, आणि आई जिथं पाय मारायची तिथं आता ह्याचा क्लच.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खूप हसलो. बाकीची पोरं गेम खेळतात म्हणजे धाडधाड उडवतात. हा काचा भरून चालला होता, खिडक्यांच्या काचा, आणि स्पीडब्रेकर इतका हळू घेतला की मी मधे आत जाऊन चहा पिऊन आलो, मागचं चाक अजून चढतच होतं. म्हणलं, “काय रे हे! बैलगाडी बरी.”

“काचा आहेत अण्णा.”

“कुठायत काचा? टीव्हीत?”

“मागं आहेत,” म्हणला, आणि खरंच मागं बघितलं. आरशात हो, त्या टीव्हीतल्या आरशात.

मग हळूहळू माझ्यापण लक्षात आलं. त्या गेममध्ये भिंतीला घासलात तर ओरखडा पडायचा, आणि तो राहायचा. माल फुटला तर फुटला. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून हातचे जायचे. बाबा आम्हाला सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गिरी तसाच उतरायचा. इतकी वर्षं चालवला त्यानं तो पिस्ता कलरचा ट्रक, पण एक ओरखडा नाही. माझ्या टेम्पोवर किती आहेत ते विचारू नका, पण ते सगळे दुसऱ्यांनी केलेले आहेत.

त्या गेममध्ये सगळ्या जगातले ड्रायव्हर एका रस्त्यावर यायचे. त्यांच्यात ह्याला नाव होतं, ‘स्लो गिरी’. मला राग आला. कोण म्हणतंय माझ्या भावाला स्लो? आमच्या वरच्या खोलीत रणवीर म्हणून नागपूरचा पोरगा भाड्यानं राहतो, आयटीत आहे. तो म्हणला, “अण्णा, रिस्पेक्टनं म्हणून राहिले ते. काचेचा माल असला का गिरीभाऊलाच बोलावतात.” तेव्हापासून स्टँडवर, देवळात, मी सगळीकडं सांगत सुटलो, आमच्या गिरीला परदेशातनं काचेच्या ऑर्डरी येतात. काहींना खरंच वाटलं. मी कशाला सुधारू?

तर ह्या ‘रोडवेज’चा दुसरा भाग येणार, येणार, असं किती वर्षं चाललं होतं. गिरीनं घरात कधी काही मागितलं नाही, लग्नाचं विचारलं तर म्हणायचा बघू, पण ह्या दुसऱ्या भागाचं विचारलं की तोंड फुलायचं. “अण्णा, आता पाऊस खरा असणार. चिखलात चाक फिरणार. टायर झिजणार.” टायर झिजणार म्हणून आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

गणपती झाले आणि ती आली. शनिवारी गिरीनं रजा टाकली. माझ्या बायकोनं, वसुमतीनं, चिरोटी केली, बदामाचं दूध केलं. मी विचारलं, “कोणाचं लग्न?” ती म्हणली, “तुमच्या भावाचं. नवरी डब्यातनं येणार आहे.”

मी ट्रिप सोडली त्या दिवशी. वसुमती, मी, वरनं रणवीर, सगळे खुर्च्या टाकून बसलो. गिरी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून स्टेअरिंगवर. आणि काय दिसलं हो पडद्यावर! तळ्यात ढग दिसत होते. झाडाचं पान न पान हलत होतं. त्याचा पिस्ता ट्रक कंपनीनं जुन्यातनं नव्यात आणून दिला होता, शोरूममधनं काढल्यासारखा चकचकीत. मी टाळी वाजवली.

गिरी निघाला. दोनतीन वळणं घेतली. घाट आला, त्यानं गिअर खाली टाकला, इंजिनचा आवाज बदलला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, काय झालं? मग त्यानं असं केलं जे मी त्याला कधी करताना बघितलं नव्हतं. ब्रेकवर पाय दाबला आणि सगळा घाट तसाच उतरला. ब्रेक गेला नाही. खाली येऊन परत माझ्याकडं बघितलं, आणि स्टेअरिंग स्वल्प उजवीकडं फिरवून ट्रक भिंतीला लावला.

ठिणग्या उडाल्या, लाल निळ्या. गाणं वाजलं. वर चांदण्या आल्या, ‘सुपर’ असं लिहून आलं.

गिरीनं गाडी थांबवली. ट्रकच्या भोवती फिरून बघायची सोय असते, तसं फिरून बघितलं. एकदा, परत एकदा. मग म्हणला, “अण्णा, लागलंच नाही.”

“मग चांगलं की!”

“चांगलं कसं?”

“अरे लागलं नाही म्हणजे चांगलंच. लागलं म्हणजे वाईट. एवढं तर मला नववीत कळत होतं.”

त्यानं पेडलवरचा पाय काढला. “लागत नाही तर मी इतकी वर्षं काय वाचवत होतो?”

मी म्हणलं चिरोटी खा. नाही खाल्ली.

मला वाटलं, हा बघतोय चुकीचं. मी म्हणलं, ऊठ, मी बसतो. बसलो. पाय पूर्ण दाबला. ट्रक डोंगरावरनं सुटला, हवेत दोन कोलांट्या, खाली नदी, नदीतनं वर, परत रस्त्यावर, चांदण्याच चांदण्या. खोटं कशाला सांगू, मला मज्जा आली. आयुष्यभर ज्या दरीला भिऊन गाडी चालवली त्या दरीत एकदा फुकट उडी मारून बघितली. वसुमती हसून हसून वाकली. रणवीर ओरडला, “काय हाणून राहिले अण्णा!” मी वळून गिरीला म्हणलं, “बघ! भारी आहे की!”

तो दारात उभा होता. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कुणाला तरी उडवून आलोय.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. गिरी कंपनीतनं यायचा आणि बाहेर कट्ट्यावर बसायचा. रुसला म्हणावं तर रुसला नव्हता, बोललं की बोलायचा. जेवायचा. पण स्टेअरिंगवर वसुमतीचा टॉवेल वाळत पडलाय तरी काढायचा नाही. म्हणलं, नवीन नको तर जुनी लाव. म्हणला, जुनी कंपनीनं बंद केली, त्या रस्त्यावर आता जाता येत नाही.

रस्ता बंद होतो म्हणजे काय? रस्ता बंद झाला तर बाजूनं कच्चा रस्ता काढतात. मी शिवाजीनगरला गेलो, जिथं जुने कॉम्प्युटर, वायरी, सगळं मिळतं तिथं. दुकानदाराला म्हणलं, ‘रोडवेज’ची जुनी सीडी दे. तो हसला. “सीडी कुठली गुरू? आता सगळं वरनं येतं, वरच जातं.” मी म्हणलं, वरनं येतं, वर जातं, हे तू गेमबद्दल सांगतोस की माणसाबद्दल? त्यानं मला चहा पाजला, पण सीडी दिली नाही.

रणवीरला धरलं. म्हणलं, तू शिकलेला आहेस, समजावून सांग, त्याचं दुखतंय काय? तो म्हणला, “अण्णा, बेसिकली त्यांनी कॅज्युअल प्लेअरसाठी सिम्प्लिफाय केलं. डॅमेज काढून टाकलं. लोकांना फ्रस्ट्रेशन नको ना.”

“मग लोकं खूश?”

“एकदम खूश.”

“आणि हा?”

“आता गिरीभाऊचं काय सांगू बाप्पा,” म्हणला आणि पायरीवर बसला.

मी माझ्या परीनं उपाय केला. टेम्पोची किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हणलं, चल, खरी चालव, हिला पाहिजे तेवढे ओरखडे पडतात. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, हळूच, आवाज न होता. म्हणला, “खऱ्यात माणसं असतात अण्णा.”

आता बघा. खऱ्यात लागतं म्हणून चालवत नाही. खोट्यात लागत नाही म्हणून चालवत नाही. मग ह्या माणसानं चालवायचं कुठं? मी स्टँडवर दोनतीन शहाण्यांना विचारलं. एक म्हणला डॉक्टरला दाखवा. एक म्हणला लग्न करा. तिसऱ्यानं विचारलं, आता काचेच्या ऑर्डरी कोण घेणार?

आणि मग नवरात्र आलं.

आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे मोठी. इथं सगळे आयुधपूजा म्हणतात, आम्ही घरात खंडेनवमी म्हणतो. ज्याचं जे हत्यार ते त्यानं पूजेला मांडायचं. तलवार मधे, बाजूला माझे पाने, जॅक, वसुमतीची कात्री आणि विळी. आणि दरवर्षी गिरीचं स्टेअरिंग. तो स्वतः पुसून आणायचा. पूजेला मांडलं की त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, ज्याचं त्यानं उचलायचं आणि थोडं तरी काम करायचं त्याच्यावर. काम न करता हत्यार नुसतं उचलून ठेवलं किंवा दुसऱ्याला दिलं तर ते उपाशी गेलं म्हणतात. आमच्यात उपाशी हत्यार कुणी घराबाहेर जाऊ देत नाही. आणि ज्यानं मांडलंच नाही, त्यानं धंदा सोडला. बाबांनी रिटायर झाल्यावर ज्या वर्षी बसचा पाना मांडला नाही, त्या वर्षी आई दिवसभर रडली होती.

ह्या वर्षी गिरीनं मांडलं नाही.

मी टेम्पोला झेंडूची माळ घालून आत आलो तर रणवीर मोठी पिशवी घेऊन उभा. आणि गिरी शिलाई मशीनच्या टेबलाखाली बसून स्क्रू काढतोय.

“काय चाललंय?”

रणवीर म्हणला, “गिरीभाऊ स्टेअरिंग मला देऊन राहिले अण्णा. मी नाही म्हणत होतो.”

“आज? खंडेनवमीला? आज हत्यार घराबाहेर जात नाही.”

गिरी टेबलाखालनं म्हणला, “हत्यार कुठलं अण्णा, खेळणं आहे.”

मी म्हणलं, “गिरी, मी ह्याला एकदा खेळणं म्हणलो होतो तेव्हा तू माझ्याशी आठवडाभर बोलला नाहीस.”

“तेव्हा नव्हतं खेळणं. आता आहे.”

“बाहेर ये.”

आला. गुडघ्याला धूळ. मी पुढं काही विचार केला नाही. स्टेअरिंग, पेडल, गिअरचा दांडा, सगळं उचललं आणि तलवारीशेजारी मांडलं. हळद लावली, कुंकू लावलं. वसुमती लिंबं घेऊन आली. “ह्याला चाक एकच. लिंबू कुठं ठेवू?”

“पेडलखाली ठेव.”

“लिंबू पिळून शॉर्ट बसेल,” रणवीर म्हणला.

“मग समोर ठेव. देवाला कळतं.”

गिरी बघत होता. थांबवलं नाही. मी कापूर लावला, बाहेर जाऊन टेम्पोसमोर कोहळा फोडला, परत आलो आणि थोरला म्हणून सांगितलं, “हे बघ. विकायचं तर वीक, फुकट द्यायचं तर दे. माझं काही म्हणणं नाही. पण आता पूजेत बसलंय. उद्या सकाळी तू उचलायचं, तू चालवायचं, थोडं का असेना. मग रणवीरनं न्यायचं. उपाशी जायचं नाही.”

“सरी, बरं,” गिरी म्हणला. एवढंच.

त्या दिवशी जेवण बरं झालं, पण मला घास गोड लागला नाही. उद्या हे स्टेअरिंग वर जाणार आणि गिरीचं काय उरणार? कंपनीची बस आणि बाहेरचा कट्टा. मी त्याला पायावर उभा केला, शिकवला, त्याचं नाव गावभर केलं. पण इथं मला काय धरून ओढायचं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो देवळापर्यंत नेऊन आणला. वसुमतीनं कात्रीनं कापडाची एक चिंधी कापली. गिरीनं अंघोळ करून स्टेअरिंग उचललं, परत टेबलाला लावलं. हळदीचा हात वायरीला लागू नये म्हणून मी लांब उभा. रणवीर पिशवी घेऊन खाली आला होता. सोफ्याच्या कडेवर बसला, पाहुण्यासारखा.

लावायची तर नवीनच, दुसरी होतीच कुठं. तीच चकचकीत तळी, तेच ढग. सुट्टीचा दिवस, रस्त्यावर जगभरचे ट्रक. एक डोक्यावरनं उडून गेला. एक उलटा सरपटत होता, चांदण्या सांडत. गिरीनं इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि पिस्ता ट्रक रस्त्यावर घेतला. डावीकडनं. हळू. घाटात गिअर खाली टाकला, आवाज बदलो न बदलो. वळणावर हॉर्न दिला.

पुढं चौक आला. सिग्नल लाल. गिरी थांबला.

आम्हीपण थांबलो. बाकीचे ट्रक चौकातनं भिरभिर जात होते, आडवे, उभे. सिग्नल लालच. बराच वेळ झाला. रणवीर पुढं सरकून म्हणला, “गिरीभाऊ, तो सिग्नल बदलत नाही. नुसता डिझाईनला आहे.”

“माहीत आहे.”

“मग?” मी म्हणलं.

गिरीनं हॅन्डब्रेक ओढला. मला वाटलं, संपलं, आता उठेल, झालं काम, हत्यार जेवलं. तेवढ्यात त्याच्या आरशात एक निळा ट्रक आला. मला वाटलं धडकणार, सगळे धडकतच होते. तो हळू झाला. मागं येऊन उभा राहिला, मधे बरोबर एका ट्रकची जागा सोडून. वर इंडिकेटरपण दिला. डावा.

गिरीचा हात स्टेअरिंगवर घट्ट झाला. झेंडूची एक पाकळी अजून चिकटलेली होती तिथं.

“कोण आहे तो?” मी म्हणलं. “ओळखीचा आहे का?”

“माहीत नाही.”

“मग का थांबलाय? सिग्नल तर खोटा आहे. तू का थांबलास? दोघं थांबून काय होणार? गिरी, मला काही समजत नाही, नीट सांग. हे द्यायचं की नाही? तो पोरगा पिशवी धरून बसलाय.”

गिरीनं चौकात उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, हॅन्डब्रेक सोडला आणि ट्रक इतका हळू पुढं घेतला की मला वाटलं हललाच नाही. मागचा निळापण हलला.

“मागं गाडी आहे अण्णा,” तो म्हणला. “आत्ता बोलू नको.”